दोन टक्क्यांचा प्रश्न

पावसाने ओढ दिली की नगर-नाशिक आणि मराठवाडा यांच्यात जायकवाडीच्या पाण्यावरून वाद पेटतो. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व मान्य केले. त्याला न्यायालयात आव्हाने दिली गेली, मोर्चे निघाले, आणि मुळा, भंडारदरा, निळवंडे या धरणांतून किती टीएमसी पाणी खाली सोडायचे हा आपल्या जिल्ह्याच्या राजकारणाचा स्थायी विषय होऊन बसला. हा वाद महत्त्वाचा आहे, यात शंका नाही. पण तो नेहमी पाण्याच्या मापाचा असतो. खाली जाणाऱ्या पाण्याबरोबर आपण आणखी काय पाठवतो, हे त्यात कोणी विचारीत नाही.

नगर शहराचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. २०२४ मध्ये शहराचे आणि जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. पाण्याचा प्रवास मात्र पूर्वीचाच राहिला. शहर पिण्याचे पाणी घेते ते मुळा धरणातून, म्हणजे गोदावरीच्या खोऱ्यातून. वापरलेले पाणी जाते ते सीना नदीत, म्हणजे भीमेच्या खोऱ्यात. सीना कर्जत तालुक्यातून पुढे सोलापूर जिल्ह्यात उतरते, भीमेला मिळते, आणि भीमा कृष्णेला. एका खोऱ्याचे स्वच्छ पाणी घेऊन दुसऱ्या खोऱ्याला सांडपाणी देणारे हे शहर आहे. तिकडे अकोले, संगमनेर, कोल्हार, नेवासे या गावांचे पाणी प्रवरेतून प्रवरासंगमास गोदावरीला मिळते आणि लगेच नाथसागरात साठते. त्याच नाथसागरावर छत्रपती संभाजीनगर शहराची तहान भागते, काठचे भोई मासेमारी करतात आणि दूरदेशीचे पक्षी हिवाळ्यात उतरतात.

या पाण्यातून वाहत जाणाऱ्या असंख्य पदार्थांपैकी अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या एका पदार्थाविषयी येथे लिहावयाचे आहे. तोंड धुण्याची मलमे, अंग घासण्याची द्रावणे, काही प्रकारच्या दंतमंजनाच्या पेस्टी यांत प्लास्टिकचे बारीक गोल कण घातले जात असत व काही मालात आजही घातले जातात. इंग्रजीत त्यांना मायक्रोबीड्स म्हणतात. आपण सूक्ष्म मणी म्हणू. बहुधा ते पॉलिएथिलीनचे, म्हणजे ज्याच्या पिशव्या होतात त्याच प्लास्टिकचे असतात. एक मणी साधारणतः पाव मिलिमीटरचा, कित्येकदा त्याहूनही लहान. त्वचेवरचा मळ घासून काढावा एवढेच त्याचे काम. ते काम मिनिटभरात संपते आणि मणी मोरीच्या जाळीतून निघून जातो. नंतर तो शेकडो वर्षे शिल्लक राहतो.

इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाचे रिचर्ड थॉम्पसन आणि त्यांचे सहकारी यांनी २००४ मध्ये समुद्रातील अशा बारीक प्लास्टिककणांकडे जगाचे लक्ष वेधले. २०१५ मध्ये त्यांच्याच विद्यापीठात बाजारातील तोंड धुण्याच्या मलमांची तपासणी झाली. एका वेळच्या वापरातून, म्हणजे चमचाभर मलमातून, ४,५९४ पासून ९४,५०० पर्यंत मणी गटारात जाऊ शकतात, असा हिशेब निघाला. एका माणसाच्या एका सकाळचा हा आकडा आहे.

आता अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने पहिला प्रश्न विचारावयाचा तो असा की हा मणी मुळात मालात शिरला कसा. घासण्यासाठी काही हवे होते आणि ते जगात उपलब्ध नव्हते, असे तर नव्हे. महाराष्ट्रातल्या घराघरांत टाचा घासायला वज्री होती. अंगाला हरभऱ्याच्या किंवा मसुरीच्या डाळीचे पीठ होते, दिवाळीला उटणे होते, केसांना शिकेकाई आणि रिठा होता. परदेशात आक्रोडाच्या टरफलाचा भुगा आणि जर्दाळूच्या बियांची पूड मलमात घालीत. प्लास्टिकच्या मण्याने त्यांची जागा घेतली, कारण तो स्वस्त होता, एकसारख्या आकाराचा होता आणि गुळगुळीत होता. हा गुळगुळीतपणा उत्पादकाच्या फार सोयीचा होता. खरखरीत पूड रोज वापरली तर त्वचा सोलते. गुळगुळीत मणी रोज वापरता येतो, आणि रोज वापरता येतो म्हणजे रोज विकता येतो. जॉन केनेथ गालब्रेथ यांनी १९५८ साली ‘द अफ्लुएंट सोसायटी’ या ग्रंथात दाखवून दिले होते की संपन्न भांडवली समाजात गरज आधी आणि उत्पादन मागाहून, असा क्रम राहत नाही. उत्पादनाची व्यवस्थाच आपल्या मालासाठी गरज निर्माण करते. सूक्ष्म मणी हे त्या सिद्धांताचे चालतेबोलते उदाहरण होय. डाळीच्या पिठाने जे होत होते तेच प्लास्टिकने होऊ लागले. फरक पडला तो एवढाच की पीठ मातीत मिसळून जात होते आणि त्यावर कोणाला नफा नव्हता.

नफा कोणाला झाला हे स्पष्ट आहे. खर्च कोणाच्या वाट्याला आला हे तितके सहज दिसत नाही. १९५० साली कार्ल विल्यम कॅप यांनी खाजगी उद्योगाच्या सामाजिक खर्चावर एक ग्रंथ लिहिला. उद्योग आपल्या उत्पादनाचा जो खर्च हिशेबात धरीत नाही तो नाहीसा होत नाही, तो त्रयस्थांच्या व समाजाच्या अंगावर पडतो, हे त्याचे मुख्य प्रतिपादन. मलमाच्या नळीच्या किमतीत मण्याचा खर्च काही पैशांचा असेल. पण तोच मणी पाण्यातून परत काढावयाचा झाला तर कोणत्या नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकात तेवढी रक्कम आहे? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या आकडेवारीप्रमाणे भारतातील शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होते, आणि त्यापैकी प्रत्यक्षात प्रक्रिया होते ती सुमारे २०,२३६ दशलक्ष लिटरवर. म्हणजे शंभरातले बहात्तर लिटर जसेच्या तसे नदीनाल्यांत जाते. उरलेल्या अठ्ठावीस लिटरांतही प्रश्न सुटतो असे नाही. प्रक्रिया केंद्रात प्लास्टिकचे बहुतेक कण पाण्यातून वेगळे होतात हे खरे, पण ते गाळात जाऊन बसतात. हा गाळ खत म्हणून शेतात पडला की नदी वाचली आणि जमीन बाटली, एवढाच त्याचा अर्थ.

पाण्यात गेलेल्या कणाचे पुढे काय होते याविषयी आज बरेच ज्ञान उपलब्ध आहे. कीटकनाशकांसारखी जी विषारी द्रव्ये पाण्यात नीट विरघळत नाहीत, ती प्लास्टिकच्या पृष्ठभागाला चिकटतात. असा कण अन्न समजून सूक्ष्म जलचर गिळतात, त्यांना लहान मासे आणि लहान माशांना मोठे मासे. २०२२ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी बावीस रक्तदात्यांचे रक्त तपासले, तेव्हा सतरा जणांच्या रक्तात प्लास्टिकचे कण सापडले. २०२४ मध्ये इटलीतील वैद्यांनी मानेच्या रोहिणीतील चरबीचा थर शस्त्रक्रियेने काढलेल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या थरात प्लास्टिकचे कण होते त्यांच्यात पुढील सुमारे तीन वर्षांत हृदयविकार, पक्षाघात किंवा मृत्यू यांचे प्रमाण इतरांच्या कितीतरी पट अधिक आढळले. प्लास्टिकमुळेच असे झाले, हे या अभ्यासाने सिद्ध झालेले नाही, आणि ते कण तोंड धुण्याच्या मलमातले होते असेही कोणी म्हणत नाही. कार्यकर्त्यांनी प्रचारात ही मर्यादा अवश्य पाळावी. अतिशयोक्ती केली की प्रतिपक्षाला सगळेच विधान खोटे ठरविण्याची सोय होते. पण जे द्रव्य एकदा पाण्यात गेले की परत काढता येत नाही, ते सोडण्यापूर्वी निरुपद्रवी असल्याचा पुरावा सोडणाऱ्याने द्यावा, की सोसणाऱ्याने अपायाचा पुरावा गोळा करीत बसावे? आजची व्यवस्था दुसऱ्या पर्यायावर चालते.

येथे एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि त्याला टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने २०१७ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. बारीक कणांच्याच रूपाने समुद्रात येणाऱ्या प्लास्टिकपैकी सुमारे ३५ टक्के कृत्रिम धाग्यांचे कपडे धुण्यातून येते, २८ टक्के वाहनांच्या टायरांच्या झिजेतून आणि २४ टक्के शहरी धुळीतून. प्रसाधनांचा वाटा अवघा दोन टक्के आहे, असा त्यातील अंदाज. मग या दोन टक्क्यांसाठी एवढा आटापिटा कशाला? आपल्या जिल्ह्यात तर शेततळ्यांना अंथरलेले प्लास्टिक आहे, टोमॅटो-कलिंगडाच्या वाफ्यांवरचा मल्चिंग पेपर आहे, ठिबकच्या फाटलेल्या नळ्या आहेत. उन्हाने त्यांचा चुरा होतो आणि तोही मातीत व पाण्यात जातो. हे मोठे प्रश्न सोडून शहरी मुलींच्या तोंड धुण्याच्या मलमावर लेख लिहावा काय?

माझे उत्तर असे की, या दोन टक्क्यांचे स्थान वजनावरून ठरवू नये. अंगावरचा कपडा माणसाला हवाच आहे. एसटीचे टायर झिजणारच आहे. दुष्काळी पारनेर-पाथर्डीच्या शेतकऱ्याने शेततळ्याला प्लास्टिक अंथरले ते पाणी जिरून जाऊ नये म्हणून, चैनीसाठी नव्हे. या प्रत्येक ठिकाणी गरज आणि हानी यांचा तोल सांभाळून मार्ग काढावा लागेल. त्याला संशोधन लागेल, पैसा लागेल आणि काळ लागेल. सूक्ष्म मण्याच्या बाबतीत असा कोणताही तोल सांभाळावयाचा नाही. तो चुकून सांडत नाही. पाण्यात जाण्यासाठीच तो बनविलेला आहे. त्याने कोणाचे पोट भरत नाही. तो काढून टाकल्याने कोणताही कारखाना बंद पडत नाही. युनिलिव्हरसारख्या बलाढ्य कंपनीने २०१२ मध्येच आपल्या मालातून हे मणी काढून टाकण्याचे जाहीर केले, म्हणजे पर्याय उपलब्ध आहे हे उद्योगानेच मान्य केलेले आहे. जे संपूर्णतः अनावश्यक आहे, ज्याला पर्याय आहे, आणि जे थांबविल्याने कोणा गरिबाचे नुकसान नाही, तेही जर समाजाला थांबविता येत नसेल, तर आवश्यक वस्तूंतील प्लास्टिकचे नियोजन तो समाज काय करणार? म्हणून हे दोन टक्के म्हणजे आपल्या सार्वजनिक इच्छाशक्तीची परीक्षा आहे. परीक्षेचा पहिला पेपर सोपा असतो. त्यातच अनुत्तीर्ण होणाऱ्याने पुढच्या पेपरांची भाषा बोलू नये.

दुसरा युक्तिवाद ग्राहकाच्या स्वातंत्र्याचा. सुजाण ग्राहकाने वेष्टन वाचून माल घ्यावा, मागणी घटली की उत्पादन आपोआप थांबेल, असे बाजारपेठेचे समर्थक सांगतात. हा सल्ला शेवगावच्या किंवा जामखेडच्या बाजारच्या दिवशी टपरीसमोर उभे राहून तपासून पाहावा. टपरीवर माळेसारख्या लटकतात त्या एका-दोन रुपयांच्या पुड्या. ज्याच्या हातात महिन्याचा पैसा एकदम येत नाही तो बाटली घेत नाही, पुडीच घेतो. आणि आपला नियम असा की ६० मिलिलिटरपेक्षा लहान द्रव मालाच्या आणि ३० ग्रॅमपेक्षा लहान घन वा अर्धघन मालाच्या वेष्टनावर घटकांची यादी छापण्याची सक्ती नाही. म्हणजे बाटली घेणाऱ्याला निदान वाचायला काही मिळते. पुडी घेणाऱ्याला तेही नाही. बाटलीवर यादी असते ती इंग्रजीत, मोहरीएवढ्या अक्षरांत आणि रसायनशास्त्राच्या परिभाषेत. ज्या निवडीसाठी लागणारी माहितीच ग्राहकापासून दूर ठेवली आहे, तिला स्वातंत्र्य म्हणणे ही थट्टा आहे. शिवाय सीनेकाठचा शेतकरी किंवा नाथसागरावरचा भोई या व्यवहारात ग्राहक म्हणूनही उभा नाही. त्याने मलम घेतले नाही, नाकारलेही नाही. ग्राहकाच्या निवडीत त्याचे मत धरलेच जात नाही. ते धरण्याचे साधन एकच, आणि ते म्हणजे कायदा.

कायद्याच्या बाबतीत इतरांचा अनुभव बोधप्रद आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्याने २०१४ मध्ये पहिली बंदी घातली; पण तिच्या व्याख्येत न कुजणारे प्लास्टिक एवढेच होते. ‘आमचे प्लास्टिक कुजते’ असे म्हणण्याची पळवाट त्यातून राहिली. पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियाने ही पळवाट बुजविली, आणि डिसेंबर २०१५ मध्ये संमत झालेल्या संघीय कायद्याने सर्वच घन प्लास्टिकचे मणी वर्ज्य केले. जुलै २०१७ पासून त्यांचे उत्पादन तेथे बंद झाले. तरीही तो कायदा धुऊन टाकण्याच्या प्रसाधनांपुरताच राहिला. युरोपीय संघाने २०२३ मध्ये अधिक व्यापक नियम केला. मण्यांवर तत्काळ बंदी आली आणि इतर प्रसाधनांत हेतुपुरस्सर घातलेल्या प्लास्टिककणांना टप्प्याटप्प्याने मुदती देण्यात आल्या. ओठांच्या आणि नखांच्या रंगांना तर थेट २०३५ पर्यंत. एवढ्या लांब मुदतीवरून उद्योगाचे वजन किती पडते याचा अंदाज यावा.

आपल्याकडे हा प्रश्न राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणासमोर गेला. २०१७ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने प्लास्टिकच्या सूक्ष्म मण्यांना सौंदर्यप्रसाधनांच्या अमान्य घटकांत घातले आणि २०२० पासून तो निर्बंध लागू व्हावयाचा ठरला. कागदावर हे समाधानकारक आहे. पण टॉक्सिक्स लिंक या दिल्लीच्या संस्थेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत बाजारातील काही प्रसाधनांत हे मणी आढळलेच. शिवाय हा निर्बंध सौंदर्यप्रसाधनांपुरता आहे. फरशी व भांडी स्वच्छ करण्याची द्रावणे आणि कपड्यांची धुलाईद्रव्ये त्याच्या कक्षेत येत नाहीत. प्लास्टिक कचऱ्याच्या नियमांत मार्च २०२४ मध्ये सूक्ष्म प्लास्टिकची व्याख्या आली. एक मायक्रॉनपासून एक हजार मायक्रॉनपर्यंतचा, पाण्यात न विरघळणारा घन प्लास्टिककण, अशी ती व्याख्या आहे. ती आहे म्हणजे कायद्याला आता हा कण दिसू लागला आहे. त्याला हात घालणे तेवढे बाकी आहे.

अंमलबजावणीचा प्रश्न काढला की महाराष्ट्राच्या २०१८ च्या प्लास्टिकबंदीची आठवण होणे अपरिहार्य आहे. २३ मार्च २०१८ च्या त्या अधिसूचनेत पहिल्या गुन्ह्यास पाच हजार, दुसऱ्यास दहा हजार, आणि तिसऱ्यास पंचवीस हजार रुपये दंड व तीन महिन्यांचा कारावास अशी कडक तरतूद होती. बाजारात प्रत्यक्ष काय दिसले? तपासणीचे पथक आले की भाजीवाली टोपलीखाली पिशव्या लपवू लागली. मालाच्या थरदार वेष्टनांना मात्र सवलत मिळाली, कारण ती मोठ्या कंपन्यांची होती. ज्या कायद्याचा हात टोपलीपर्यंत पोहोचतो आणि कारखान्याच्या फाटकाशी थबकतो, तो पर्यावरणाचाही कायदा राहत नाही आणि न्यायाचाही. सूक्ष्म मण्यांच्या बाबतीत तीच चूक होऊ देता कामा नये. येथे टपरीवाल्याला दंड करून काहीही साधणार नाही. मणी कारखान्यात घातला जातो आणि तो तेथेच अडविला पाहिजे.

या विचारातून काही निश्चित मागण्या निघतात. अन्न व औषध प्रशासनाने प्रसाधनांचे नमुने दरवर्षी तपासावेत आणि निष्कर्ष मालाच्या व उत्पादकाच्या नावानिशी मराठीत प्रसिद्ध करावेत. लहान पुड्यांना घटकांच्या यादीतून दिलेली सूट रद्द व्हावी, आणि ‘यात प्लास्टिक आहे’ एवढे तरी प्रादेशिक भाषेत ठळक छापण्याची सक्ती असावी. मण्यांवरील निर्बंध धुलाईद्रव्ये व घरसफाईच्या मालालाही लावावा. शासकीय वसतिगृहे आणि रुग्णालये यांच्या खरेदीच्या अटींत प्लास्टिकविरहित माल ही अट घालावी. ही गोष्ट तर नव्या कायद्यावाचून होण्यासारखी आहे. आणि सीना व प्रवरा यांच्या काठच्या नगरपालिकांनी सांडपाणी प्रक्रियेच्या गाळाची तपासणी झाल्यावाचून तो शेतात जाऊ देऊ नये.

यापैकी काहीही वरून आपोआप होणार नाही. आपल्या तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी शाळा-महाविद्यालयांतील विज्ञानाच्या शिक्षकांना बरोबर घेऊन आठवडे बाजारातील मालाची यादी करावी. पॉलिएथिलीन, पॉलिप्रॉपिलीन, नायलॉन ही नावे वेष्टनावर ओळखायला शिकविणे अवघड नाही. मलम पाण्यात कालवून तलम कापडातून गाळले की मागे राहिलेले कण डोळ्यांना दिसतात. ते प्लास्टिकचे आहेत की टरफलाचे, हे मग प्रयोगशाळेने सांगावे. अशा गाळलेल्या नमुन्यांसह निवेदन गेले तर अधिकाऱ्याला ते बाजूला सारणे कठीण जाते.

डाळीचे पीठ आणि वज्री यांकडे परत चला, असा या लेखाचा उपदेश नाही. ज्याला ती वापरावयाची त्याने जरूर वापरावीत. पण बहुसंख्य लोक कारखान्याचाच माल घेणार आहेत आणि त्यात गैर काही नाही. त्या मालात काय असावे आणि काय नसावे हे ठरविण्याचा अधिकार फक्त मालकाचा, की तो माल ज्यांच्या नदीतून वाहत जाणार त्यांचाही, हा खरा प्रश्न आहे. जायकवाडीला पाणी सोडताना आपण टीएमसीचा हिशेब मागतो आणि देतो. त्याच पाण्यातून जाणाऱ्या कणांचा हिशेबही मागावयाला हवा. तो कोणी मागितला नाही, एवढ्याच कारणाने आजवर कोणाला द्यावा लागलेला नाही.